सापाची मागची बाजू

सात पापं मी मागच्या बाजूनं शिकले. चित्राच्या पडद्याचा बांबू धरायचं काम माझ्याकडे होतं. लोकांना चित्र समोरून दिसायचं आणि मला कापडाच्या उलट्या अंगानं, म्हणजे झिरपून आलेल्या रंगाचे सात डाग. मोर कुठे, वाघ कुठे, हे मी डागांवरून ओळखायची. साप माझ्या कानाजवळ यायचा.

माझी आई बायबलबाई होती. मिशनच्या नोकरीत ज्या ख्रिस्ती बायका गावोगाव फिरून बायकांना येशूच्या गोष्टी सांगायच्या, त्यांना आमच्याकडे असंच म्हणत. वडील मिशनच्या मळ्यात मोट हाकायचे. मी लहान असतानाच ते वारले. मग मिशननं आईला लिहायवाचायला शिकवलं, हे काम दिलं आणि हुमनाबादजवळच्या आमच्या गावातली राहती खोली आमच्याकडेच ठेवली.

आईचं सगळं काम एका पडद्यावर चालायचं. पडद्यावर माणसाचं मोठं काळीज काढलेलं होतं आणि त्या काळजात सात प्राणी बिऱ्हाड करून राहिलेले होते. एकेक प्राणी म्हणजे एकेक पाप: गर्व, लोभ, वासना, हेवा, खादाडपणा, राग आणि आळस. पापं सातच का, असं मी तिला एकदा विचारलं होतं. चुलीत काटक्या सारत ती म्हणाली, "बाकीची ह्यांचीच पोरं हायत."

मूळचा पडदा बाहेरून आलेला, छापील होता. निजामाच्या राज्याच्या शेवटी शेवटी रस्ते धोक्याचे झाले, आईचं फिरणं थांबलं, पडदा गुंडाळून कोपऱ्यात उभा राहिला आणि त्याला वाळवी लागली. पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं, रस्ते उघडले. पडदा सोडून पाहिला तर त्याची चाळण झाली होती. मग आईनं हुमनाबादेत गाड्यांच्या फळ्या आणि लॉऱ्यांच्या पाठी रंगवणारा एक पेंटर गाठला आणि तोंडी सांगून नवा पडदा काढून घेतला. आळसासाठी कासव हवं होतं. त्याला कासव जमेना, म्हणून त्यानं म्हैस काढली. लोभाचा बेडूक होता, त्याचा उंदीर झाला. वासनेचा बोकड त्याच्या हातून सारखा बैलावर जायला लागला, तेव्हा तो पुसून त्यानं कोंबडा केला. डुक्कर आणि वाघ बरे उतरले. मोरावर मात्र लॉऱ्या रंगवून त्याचा हात बसलेला होता. असा देखणा मोर निघाला की गर्वाचं पाप ऐकताना बायका त्याच्यावरून नजर काढत नसत.

आणि साप. त्यानं जन्मभर जो साप काढला होता तोच इथंही काढला. नागपंचमीला भिंतीवर काढतात तसा, फणा उभारलेला आणि फण्यावर खूण असलेला.

आई म्हणाली, "ह्यो तर तू देव काढलास की रं."

"मग साप कसा काढू, अक्का?" पेंटर म्हणाला. "साप असाच ऱ्हातो."

हा आमचा हेव्याचा साप.

त्याच सुमाराला माझी मावसबहीण आमच्याकडे राहायला आली. तिचं गाव कलबुर्गीच्या बाजूला. गडबडीच्या दिवसांत तिचे वडील गाव सोडून गेले ते परत आलेच नाहीत आणि मावशी तापानं गेली. कुणी नातेवाइकानं तिला बैलगाडीतून आणून आमच्या दारात सोडलं. हातात एक पितळी तांब्या होता, बाकी काही नाही. माझ्यापेक्षा वर्षानं मोठी. आई मला म्हणाली, "अक्का म्हण तिला." मी म्हटलं नाही. पहिल्या दिवशी म्हटलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी म्हणणं जड गेलं आणि पुढं पुढं न म्हणायची सवयच झाली. 'ए' म्हटल्यानं काम भागत होतं.

तोपर्यंत पडद्याचा बांबू झाडाला बांधत किंवा भिंतीला टेकवत आणि छडी माझ्या हातात असायची. आई बोलायची, मी छडी त्या त्या प्राण्यावर ठेवायची. मावसबहीण आल्यावर आईच्या लक्षात आलं की हिचा गळा चांगला आहे. तिला भजनं लवकर पाठ होतात. लिंगायतांच्या गल्लीत ती कन्नड बोलते, मुसलमानांच्या दारात दखनी. तिन्ही भाषा मलाही येत होत्या. आमच्या भागात त्या कुणाला येत नाहीत? पण मी बोलले की लोक कामापुरतं उत्तर द्यायचे आणि ती बोलली की आत बोलवायचे. कुणी तिच्या पदरात शेंगा घालायचं, कुणी पोळी. एक दिवस आई मला म्हणाली, "बांबू तू धर. तुझ्या हातात जोर हाय." आणि छडी तिच्याकडे गेली.

घरातही तसंच. भाकऱ्या करताना तव्यावरची पहिली भाकरी कधी धड होत नाही. तवा अजून तापलेला नसतो, ती चिकटते, फुगत नाही. ती पहिली भाकरी माझी. दुसरी, टम्म फुगलेली, तिची. मी तोंड वेंगाडलं की आई म्हणायची, "बिनआईची पोर हाय. तिला चांगलं द्यावं." रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जायच्या आधी आई तिला पुढ्यात घेऊन तिची वेणी घालायची. माझी मी घालायची, कारण मला येत होती. एखादी गोष्ट येत नसल्याचा फायदा मला फार उशिरा कळला.

मी तिला काही केलं नाही, हे इथंच सांगते. गोष्टींमधल्या हेवेखोर पोरी दुसरीच्या दुधात काहीतरी कालवतात. आमच्याकडे दूध नव्हतं आणि माझे दोन्ही हात बांबूला गुंतलेले होते. मी फक्त बघायची. तिची वेणी किती लांब झाली, तिच्या बोलण्यावर आई किती वेळ हसली, हे सगळं मला माहीत असायचं.

खटकचिंचोळीला बाजाराच्या दिवशी आम्ही हमखास जायचो. बाजार उरकून बायका सावलीला टेकल्या की आई पडदा उघडायची. सगळ्यात जास्त दंगा कोंबड्यावर व्हायचा. आई घाईनं म्हणायची, "ह्यो कोंबडा. वाईट असतो. म्होरं चला."

"अक्का, म्होरं कामून? जरा कोंबड्याचं सांगा की!"

"तुमास्नी माहीत हाय ते."

"आमास्नी माहीत हाय, पर तुमच्या तोंडानं ऐकू द्या!"

मग लोभाच्या उंदरावर तक्रार यायची. "गणपतीचं वाहन तुमच्या पापात कामून घातलं?" आई पेंटरवर ढकलायची. डुकराला बघून एका म्हातारीनं विचारलं होतं, "जास्ती खाणं पाप व्हय? आधी पोटाला मिळू द्या बाई, मग करू पाप." आळसाच्या म्हशीवर मात्र लिंगायतांच्या बायका मान डोलवायच्या. "हे खरं. आमच्यातबी हेच सांगत्यात. जो हात हलवत न्हाई त्याला देव जवळ करत न्हाई."

शेवटी आई नेहमीचा प्रश्न विचारायची. "सांगा बायांनो, तुमच्या काळजात ह्यातलं कोणचं जनावर हाय?"

"वाघ! आमच्या सासूत!"

"म्हैस. आमच्या धाकल्या जावंत. उठतच न्हाई बगा."

"उंदीर म्हंजे आमचा दीर, अक्का, दुसरं कुणी न्हाई."

आई दमून म्हणायची, "दुसऱ्याचं न्हाई, सोताचं सांगा." मग सगळ्या पदर सावरायच्या आणि कुणाला तरी घरचं काम आठवायचं. इतक्या गावांत, इतक्या बायकांमध्ये, स्वतःचं जनावर कुणी दाखवल्याचं मला आठवत नाही.

एका श्रावणात मात्र गंमत झाली. पडदा उघडला तशी दोघी-तिघी उठल्या, घरात गेल्या आणि हळदकुंकवाचं ताट घेऊन आल्या. आईला कळायच्या आत एकीनं हेव्याच्या फण्यावर हळद लावली, दुसरीनं कुंकू.

"अगं अगं, काय करायल्यात? पाप हाय ते!"

"पाप आसंल, अक्का. पर नाग हाय न्हवं? पंचमी तोंडावर आली. दारात आलेल्या नागाला तसंच जाऊ द्यावं का?"

आई कपाळाला हात लावून बसली. मावसबहीण खुदकन हसली आणि कन्नडमधून त्यांना काहीतरी म्हणाली, तशा त्या सगळ्या हसल्या आणि पुढचं ऐकायला बसल्या. मी मागं बांबू धरून उभी. ओली हळद कापडातून आरपार आली. तेव्हापासून मला साप शोधावा लागला नाही. पाठीमागच्या सगळ्या मळकट डागांत तो एक पिवळा डाग उठून दिसायचा. धुतला असता तर पेंटरचा रंगही गेला असता, म्हणून आईनं तो तसाच ठेवला.

पुढच्या उन्हाळ्यात मिसम्मा आल्या. मिशनच्या गोऱ्या बाईंना आमच्याकडे मिसम्मा म्हणत. त्या जीपमधून फिरायच्या आणि पुस्तकातलं मराठी बोलायच्या. त्यांनी आईला सांगितलं की बीदरच्या मिशन दवाखान्यात नर्सिंग शिकायला आमच्या बाजूच्या गावांतून एक मुलगी घेणार आहेत. सातवी झालेली हवी. आमच्या बाजूला सातवी झालेल्या ख्रिस्ती मुली दोनच होत्या आणि दोघी आमच्याच खोलीत राहत होत्या.

आईनं हिशेब लगेच केला. "एकीला जागा, एकीला नवरा."

नवरा तयार होता. राजेश्वर गावातलं एक घर माझ्यासाठी विचारत होतं. मुलगा वाईट नव्हता. मी त्याला एकदा पाहिलं होतं. तो शेळ्यांपुढे पाला टाकत होता आणि जन्मभर टाकणार होता. मावसबहिणीला मागणं घालायला कुणी येत नव्हतं, कारण तिच्या बाजूनं बोलायला आईबापांपैकी कुणीच नव्हतं. पण जागा मला मिळाली तर तेच राजेश्वरचं घर तिच्यासाठी विचारता येईल, असं आईचं चाललं होतं.

मला जागा हवी होती. कारण सांगते. आईच्या पायाला गळू झालं होतं तेव्हा मी तिला घेऊन बीदरच्या त्या दवाखान्यात गेले होते. तिथं आमच्या भागातला एक पोलीसपाटील दुसऱ्याच्या खाटेवर बसून मोठमोठ्यानं बोलत होता. पांढऱ्या साडीतली एक नर्स आली. तिच्या खांद्याला घड्याळ अडकवलेलं होतं. ती त्याला म्हणाली, "उठा. बाहेर बसा." आणि तो उठला. बाहेर जाऊन बसला. सेवा, दया, प्रभूचं काम, ही कारणं मला नंतर शिकवली. माझं कारण ते होतं.

मिसम्मांनी सांगितलं, दोघींनी पडदा समजावून दाखवा. नर्सला लोकांशी बोलता आलं पाहिजे.

ठरल्या दिवशी आमच्या छोट्या देवळासमोर गाव जमलं. ख्रिस्ती, लिंगायत, सगळ्या बायका आल्या, कारण जीप आली होती. मिसम्मांना खुर्ची दिली. पहिली पाळी माझी. बांबू मावसबहिणीनं धरला. कितीतरी दिवसांनी मी पडद्याच्या समोरच्या बाजूला उभी होते. छडी घेतली आणि सातही प्राणी सांगितले; कुठं अडखळले नाही, कोंबड्यालाही लाजले नाही. हळदीचा डाग का पडला तेही सांगितलं.

"बरोबर," मिसम्मा म्हणाल्या. "सगळं बरोबर. आणि तुझ्या काळजात यांपैकी कोण आहे?"

हा प्रश्न आई बायकांना विचारायची. मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मी पटकन बघितलं. सातात राग हे त्यातल्या त्यात बरं पाप. रागीट मुलगी कामाची असते असं लोक धरून चालतात.

"वाघ," मी म्हटलं. "थोडा."

बायका हसल्या. "थोडा न्हवं, मिसम्मा, पुरा हाय!" आईसुद्धा हसली. मला वाटलं, झालं. चांगलं झालं.

मग मी मागं गेले, बांबू घेतला आणि ती पुढं गेली.

ती काय सांगत होती ते मला ऐकू येत होतं. माझ्याइतकं नीट नव्हतं. उंदीर विसरली, मग परत त्याच्याकडे आली. पण मध्येच एक ओळ गायली आणि बायका गप्प झाल्या. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. पडद्यातून फक्त छडीचं टोक कळायचं. जिथं टेकेल तिथं कापड माझ्याकडे फुगायचं. सातही ठिकाणी फुगलं. मग मिसम्मांनी तोच प्रश्न तिला विचारला.

मग कापड पिवळ्या डागावर फुगलं. छडी नव्हती, बोट होतं. माझ्या कानाला लागेल इतक्या जवळ आलं.

"माझ्यात ह्यो हाय, मिसम्मा."

"साप? तुला कुणाचा हेवा वाटतो?"

"हिचा. बांबू धरलीय तिचा."

कुणीतरी "अगं बाई" म्हणालं.

"मावशी हिला रागं भरती," ती म्हणाली. "मला कधीच रागं भरत न्हाई. हिला शिव्या देती, मला बाळ म्हंती. पहिली भाकरी बिघडती ती हिला देती आन् फुगलेली मला. बिघडलेलं घरच्या माणसाला देत्यात. पावण्याला चांगलं देत्यात. मी किती साल झाली पावणीच हाय. मला एकदा तरी बिघडलेली भाकरी पायजे."

पुढं मला फक्त आवाज ऐकू आले. नाकं ओढण्याचे, बांगड्यांचे. आई रडायला लागली ते मी आवाजावरून ओळखलं. मिसम्मा खुर्चीतून उठल्या तेही कळलं. आणि मी हात वर करून बांबू धरून उभी होते.

मला काय वाटलं ते जसं वाटलं तसं लिहिते. मला दया आली नाही. मला वाटलं, साप माझा होता. छडी घेतली, वेणी घेतली, आई घेतली, आणि आता साप पण. इतकी वर्षं तो मी पोसला, माझ्या कानाशी राहिला, आणि हिनं समोरच्या बाजूनं येऊन सगळ्या गावादेखत त्याच्यावर बोट ठेवलं.

मी पडद्यामागून ओरडले, "माझ्यातबी साप हाय!"

सगळं अंगण हसलं.

"बगा, पडदा बोलाय लागला!"

"अगं, मगाचा वाघ कुठं गेला तुझा?"

"सापानं गिळला आसंल!"

मी पडद्याच्या बाजूनं डोकं काढलं. मिसम्मांनी चष्मा काढला होता, डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. "तू आधी वाघ म्हणाली होतीस," त्या म्हणाल्या, लहान मुलाला म्हणावं तसं. "दुसरीचं बघून सांगायचं नसतं." मी खरं बोलले होते, आणि नक्कल करते म्हणून ते हसण्यावारी नेलं. मावसबहीण माझ्याकडे बघत होती. ती एकटी हसत नव्हती. तेही मला आवडलं नाही.

जागा तिला मिळाली.

बायका पांगल्या. मी पडदा गुंडाळला, दोरी बांधली, खुर्ची आत ठेवली. मिसम्मा जीपकडे निघाल्या तशी मी त्यांच्या मागं गेले.

"मिसम्मा, पुढच्या साली जागा हाय का?"

"पुढच्या वर्षी बघू."

"बघू न्हाई. व्हय म्हणा, न्हाई तर न्हाई म्हणा. न्हाई म्हणालात तर माझं राजेश्वरला लगीन लावत्यात."

त्या थांबल्या. "तुला नर्स का व्हायचं आहे?"

पाटील, खाट आणि घड्याळ हे सगळं सांगायला वेळ नव्हता. त्या वेळी खरं कारण एकच उरलं होतं. "ती चालली म्हणून."

"हे कारण चांगलं नाही."

"माझ्याकडं दुसरं न्हाई."

आई धावत आली. तिला वाटलं मी काहीतरी उद्धट बोलले. मिसम्मांनी तिला विचारलं, "तुमची मुलगी नेहमी असंच बोलते का?"

"जल्मल्यापासून," आई म्हणाली. "माफ करा."

मिसम्मा जीपमध्ये बसल्या. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. त्या आईला म्हणाल्या, "हिचं लग्न एक वर्ष थांबवा. तोपर्यंत पडदा हिच्याकडे द्या. हिला बोलता येतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "होय म्हटलं आहे. आता मागं लागू नकोस."

मावसबहीण जाईपर्यंतचे दिवस वाईट गेले. आईनं तिचं बोलणं मनावर घेतलं होतं. दुसऱ्याच दिवसापासून पहिली भाकरी, चिकटलेली, काठ फाटलेला, तिच्या ताटात पडायला लागली आणि फुगलेली माझ्या. ती ती वाकडी भाकरी इतक्या आनंदानं खायची की मला माझी चांगली भाकरी घशाखाली जाईना. आई तिला एकदा रागंही भरली, पाणी सांडलं म्हणून. ठरवून रागं भरली ते कळत होतं, तरी ती खूश. माझ्याकडे होतं तेवढंही आता तिच्याकडे गेलं होतं.

पितळी तांब्या घेऊन ती हुमनाबादच्या मोटारीत बसली. जाताना म्हणाली, "तू येशील न्हवं?" मी म्हटलं, "बघू." मिसम्मांकडूनच शिकले होते.

त्या वर्षी छडी माझ्याकडे होती. बांबू पुन्हा झाडाला बांधायचो. बाकीची सहा पापं मी पाठ केलेली सांगायची, पण साप आला की मला शब्द शोधावे लागत नसत. हेवा करणाऱ्या बाईला शेजारणीच्या घरात किती भांडी आहेत ते ठाऊक असतं आणि स्वतःच्या घरातली मोजलेली नसतात, असं काही सांगितलं की बायका एकमेकींकडे न बघता खाली बघायच्या. एकीनं विचारलं, "पोरी, ह्याच्यावर औषध काय?"

आईनं शिकवलेलं उत्तर प्रार्थना असं होतं. ते मी दिलं. मग म्हटलं, "माझ्याकडनं तर ह्यो काम करून घेतो. मला त्यानंच इंग्रजी शिकाय लावलं." ते खरं होतं. ती बीदरला इंग्रजी शिकत असणार, म्हणून मी पाळकांच्या, म्हणजे देवळातल्या पाद्रीबाबांच्या, पाठीस लागून पहिलं पुस्तक संपवलं होतं. आई नंतर म्हणाली, असं सांगायचं नसतं, पापाची तारीफ होते. मी पुन्हा तसं सांगितलं नाही. दुसरं पुस्तक मात्र घेतलं.

राजेश्वरची मंडळी वर्षभर थांबली नाहीत. त्या मुलाचं दुसरीकडे लग्न झालं. त्याची नवी बायको बाजारात दिसली. हिरवा चुडा, नाकात नवी चमकी. मी तिच्याकडे नीट बघितलं आणि वाट पाहिली. काहीच वाटलं नाही. मला कुणाचा हेवा वाटत नाही म्हणजे मला ते नको आहे, एवढं तोवर मला माझ्याबद्दल कळलं होतं.

मिसम्मांनी शब्द पाळला. पुढच्या साली मी बीदरला गेले. आईनं फडक्यात भाकऱ्या बांधून दिल्या. उघडल्यावर पाहिलं, सगळ्यात वर पहिली होती, चिकटलेली. मी ती आधी खाल्ली.

नर्सिंगच्या मुलींची राहायची जागा दवाखान्याच्या मागं होती. दारातच मेट्रननं नियम सांगितले. पहाटे उठायचं. नखं कापलेली हवीत. दुसऱ्या वर्षाची मुलगी खोलीत आली की पहिल्या वर्षाच्या मुलींनी उभं राहायचं आणि तिला अक्का म्हणायचं. नाव घ्यायचं नाही, 'ए' म्हणायचं नाही. नियम सगळ्यांना सारखा, नात्यागोत्याला सूट नाही.

खोलीत पाच-सहा मुली होत्या. मी आत पाऊल टाकताच एकजण म्हणाली, "तूच ती व्हय? पडद्यामागची? तुझी अक्का रोज सांगती, माझी बहीण येणार हाय, लई हुशार हाय, माझ्यापेक्षा हुशार हाय."

म्हणजे मी हुशार आहे हेही तिनंच सांगून टाकलं होतं. मला दाखवायला काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

तेवढ्यात ती आली. पांढरी साडी, वेणीचा अंबाडा घातलेला, हातात धुतलेल्या चादरींची चळत. सगळ्या मुली उठल्या. मीही उठले. ती दारातच थांबली. ती वाट बघत होती हे मला दिसत होतं, आणि खोलीतल्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"अक्का," मी म्हटलं.

तिनं चादरी खाटेवर टाकल्या आणि माझ्या गळ्यात पडली. रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "नियम हाय म्हणून म्हटलं," मी तिच्या कानाशी सांगितलं.

"व्हय, व्हय," ती म्हणाली. "म्हण आणखी एकदा."

मी म्हटलं नाही. तिच्या खांद्यावरून खाली बघत होते. पहिल्या वर्षाच्या मुलींना साध्या चपला मिळायच्या. तिच्या पायांत काळे, बंदाचे, कातडी बूट होते आणि ते असे चकचकीत पुसलेले होते की त्यांत खिडकी दिसत होती. दुसऱ्या वर्षी ते मला मिळणार होते. पण तेव्हा ती तिसऱ्या वर्षाला असणार होती आणि तिसऱ्या वर्षाला काय मिळतं, हे मी अजून कुणाला विचारलं नव्हतं.

तिनं डोळे पुसले तसं मी ते विचारलं.